नाव पुसलेला रेडिओ

"हे कोणी पुसलं?"

मावशीचा आवाज इतका खाली गेला होता, की शेजारी उभ्या असलेल्या मलाच तो जेमतेम ऐकू आला.

कारखान्याच्या नव्या दालनात काचेच्या कपाटात तिचा रेडिओ होता. वरच्या कोपऱ्यात जिथे सोनेरी नाव असायचं, तिथे दुधाळ डाग पसरला होता आणि खाली ओघळून त्याने स्टेशनांचे आकडेही खाल्ले होते. मावशीने हात घालून डागावर बोट टेकवलं. ते चिकटलं. उचललं, तर प्लास्टिकवर तिच्या बोटाचा ठसा उमटला होता, अगदी रेघ न् रेघ.

"ॲसिटोन," मी म्हणाले. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला अशा वेळीही आधी पदार्थाचंच नाव सुचतं. "जुनं प्लास्टिक त्यात विरघळतं. आत्ताच लावलंय, अजून मऊ आहे."

"मी पुसलं, मावशी." बॉबकट पुढे आली. कारखान्यात तिला याच नावाने हाक मारतात आणि माझ्या सख्ख्या मावशीला सगळेच मावशी म्हणतात. बॉबकट तिच्याच हाताखाली शिकली. "मॅनेजर म्हणाले, पाहुणे यायच्या आत सगळी नावं झाका. काळी पट्टी लावली, तर ती त्या गोल कडेवर राहीना. तुम्हीच सांगता ना, पट्टी राहत नसेल तर पुसून टाक. पत्र्यावर काही होत नाही हो! हे असं होईल हे मला काय माहीत?"

सांगितलं मावशीनेच होतं.

या कारखान्याने स्वतःच्या नावाची एकही वस्तू कधी बनवली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ जोडण्यापासून सुरुवात झाली, मग टेपरेकॉर्डर, टीव्हीचे रिमोट, आणि आता मोबाइल. नाव नेहमी दुसऱ्याचं. खरं कोण बनवतं ते सांगायचं नाही, असा करारच असतो. त्यामुळे एका कंपनीची माणसं कारखाना बघायला आली, की दुसरीच्या मालावरची नावं झाकायची, हे इथे नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मावशी त्या शेडपासूनची. लग्नानंतर काकांनी हौसेने बाजारातून हा रेडिओ आणला, तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, हा आमच्याच टेबलावरून गेलाय." काका म्हणाले, "मग नाव त्यांचं कसं?" तेव्हापासून घरात काहीही नवं आलं, की काका चष्मा लावून ते उलटंपालटं करून बघायचे. "छे, तुझं नाव काही दिसत नाही बुवा!" पाहुण्यांसमोरसुद्धा. मावशी हसायची, पण तिला ते लागायचं, हे आम्हा बहिणींच्या मुलींना चांगलं ठाऊक होतं.

आता कारखान्याने आपल्या इतिहासाचं दालन करायचं ठरवलं आणि सुरुवातीचा एकही रेडिओ शिल्लक नाही असं निघालं. मावशीने लगेच घरचा आणून दिला. पाटी लागणार होती : 'आमच्या कारखान्यात बनलेला रेडिओ.' ती पाटी काकांना वाचायला लावायची, म्हणून आज ती त्यांना घेऊन आली होती. काका चष्मा हातात धरून तयारच होते.

"पाटी कुठंय?" मावशीने विचारलं.

"काढली हो," मॅनेजर घाम पुसत म्हणाले. "ती रेडिओवाली कंपनी अजून आहे, आणि आजचे पाहुणे तिच्याच धंद्यातले. आपण बनवले असं लिहिता येत नाही. वकील म्हणाले."

"पण बनवले ना आपण?"

"बनवले. फक्त म्हणायचं नाही." मग त्यांनी डागाकडे पाहिलं. "आता हे इथे बरं नाही दिसत, मावशी. घरी घेऊन जा."

एवढं बोलून ते पाहुण्यांकडे धावले. काकांनी रेडिओ उचलला. मला वाटलं, आता टोमणा येणार. तो आला नाही.

फाटकावर वॉचमनने अडवलं. "मावशी, हा बाहेर जाणार नाही."

"अरे, घरचाय माझा!"

"नाव कुठंय त्याच्यावर? नाव असलं की माल गिऱ्हाइकाचा, नसलं की कारखान्याचा. तुम्हीच पोरींना सांगता." वॉचमन चांगला माणूस होता, त्याने आवाज खाली आणला. "काका, तुम्ही एवढंच म्हणा, की बाजारातून आणलाय, इथला नाही. मी सोडतो."

बाजारातून आणला, हे खरंच होतं. तेवढं म्हणायचं आणि घरी जायचं. मी काकांकडे पाहिलं. ते त्या डागाकडे बघत होते.

"इथला नाही, असं म्हणू?"

"हो."

"नाही म्हणणार." काकांनी रेडिओ वॉचमनच्या टेबलावर ठेवला. "इथलाच आहे. हिने बनवलाय."

"अहो..." मावशी म्हणाली. दालनात जितकी हादरली नव्हती, तितकी ती आता हादरली होती. तिने आधारासाठी माझा दंड धरला.

"मग ठेवावा लागेल, काका," वॉचमन ओशाळून म्हणाला.

"ठेव."

ते वळून रस्त्याला लागलेसुद्धा. मावशीने माझा दंड सोडला. टेबलाशी जाऊन तिने रेडिओ पालथा केला, मागचं झाकण काढलं आणि एकेक करून सेल बाहेर काढले.

"आत राहिले तर गळतात," ती वॉचमनला म्हणाली. "जोड खराब होतात."

मग झाकण परत लावून तिने ते अंगठ्याने नीट दाबून बसवलं.