बुगडी कोणाच्या घरची

आमची सुलोचना लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाले अमरावतीले गेली, तवा बसच्या खिडकीतून तिनं मले दोनच गोष्टी सांगतल्या. भुलाबाई बसवजा, अन् बुगडीले सांभाळजा. मी काय खाईन, कसा राहीन, यातलं काई नाई. बस सुटली तरी ती हात हालवून "बुगडी, बुगडी" करून राह्यली होती. बाजूचा कंडक्टर मले विचारते, नात हाये का? मी म्हटलं, मांजर हाये.

मी महादेवराव. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालो अन् पवनारले, धाम नदीच्या वरच्या अंगाले, दोन खोल्यांचं घर बांधलं. गल्लीतले सारे स्लॅब टाकून राह्यले होते, मी मातीचे कवेलू चढवले. लोकं हासले. हासू द्या. आता आश्विनातल्या सकाळी येऊन पाहा म्हणा माझ्या घरी. दारापुढच्या सपरीत कोवळं ऊन पसरलेलं असते, अंगणात पारिजातकाचा सडा पडलेला असते, भाईरच्या चुलीवर पितळी गंजात आंघोळीचं पाणी तापत असते. मी चुलीजवळ पाटावर बसतो, शिळ्या भाकरीचे कांदा घालून कुटके खातो, वरून चहा पेतो. आमचा कुत्रा भाल्या दारात आडवा पडून राह्यते, त्याच्यावरून ढांग टाकूनच घरात जा लागते. राजाच्या घरी यापेक्षा जास्त काय असन, सांगा.

अन् बुगडी. पांढरीफेक मांजर, एका कानावर तेवढा काळा ठिपका, बुगडी घातल्यावानी. मांजर मले आवडत नाई, असं मी जिंदगीभर सांगत आलो. दिवाळीआधी रजई भरायची म्हणून मी नवा कापूस टोपल्यात काढून ठेवला, तं ही बया त्याच्यातच झोपाले लागली. मी "हाड हाड" करायचो, पण टोपलं काई उचललं नाई.

सुलोचना गेल्यावर आठच दिवसात बुगडीनं घर बदललं. भिंतीपलीकडे रुख्माबाई राह्यतात. त्यांनी वाटीत सायीचं दूध ठेवाले सुरुवात केली. माझ्याकडचं दूध म्हणजे चहातून उरलेलं. ऊन खायाले दुपारची तेवढी यायची, संध्याकाळ झाली की भिंतीवरून पसार. अन् पसार व्हायची तेही पोटात पिल्लं घेऊन, पोट इकडं तिकडं डोलून राह्यलेलं. मी रात्री कंदिलासारखा जागा. घर कसं खायाले उठलं होतं, कोणाले सांगाव? मांजर आवडत नाई म्हणणाऱ्या माणसानं मांजरीसाठी रडाव का? पण खरं सांगतो, वाईट वाटून राह्यलं होतं. लय वाईट.

शेवटी एक दिवस भिंतीवरून विचारलंच. "रुख्माबाई, आमची मांजर पाठवा."

"तुमची?" त्या म्हणाल्या. "कोणत्या सातबाऱ्यावर नाव हाये?"

"सुलोचनानं वाढवली ते."

"वाढवली असन. आता तिले पिल्लं होणार हायेत, भाऊजी. तुमच्या घरी बाईमाणूस नाई. तुम्हाले सोताचा वरण-भात जमत नाई, मांजरीचं बाळंतपण काय जमन!"

माझं डोकं फिरलं. मी चिडका हाये असं गल्ली म्हणते, अन् गल्ली खोटं बोलत नाई. "वरण-भात जमत नाई? मले?"

"नाई तं काय! बरं, असं करू. कोजागिरीले भुलाबाईचा शेवटचा खाऊ तुमच्या घरी ना? तुमचा खाऊ मी ओळखला, तं मांजर माझी. नाई ओळखला, तं मी वाटी ठेवणं बंद करीन. मांजर आपोआप तुमच्याकडं."

"मंजूर!" म्हणालो मी, अन् घरात येऊन डोक्याले हात लावला. कारण रुख्माबाईले खाऊ ओळखता आला नाई, असं गल्लीत कधी झालंच नाई.

आमच्याकडं भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी. संध्याकाळी गल्लीतल्या पोट्ट्या घरोघर जाऊन गाणे म्हणतात. गाणे झाले की घरवाली झाकलेला डबा वाजवून दाखवते, अन् आत काय हाये ते तीन खेपेत ओळखायचं. ओळखता आलं नाई, तं घरवालीचा मान. पण घरवालीले मान मिळूच देत नसत रुख्माबाई. पोट्ट्यांच्या मागं काठी टेकत येत, डबा एकदा वाजला की डोळे मिटून म्हणत, "कच्चा चिवडा." अन् कच्चाच चिवडा. समीक्षा म्हणून गल्लीतली पोट्टी हाये, नववीत, गाण्याची पुढारीण. ती म्हणे, आबाजी, आजीचं नाक हाये का सीआयडीचं कुत्रं!

सुलोचनाले फोन केला. मांजरीवर पैज लावली, हे सांगायची हिंमत झाली नाई. "बुगडी कशी हाये?" तिनं विचारलं. "मजेत," मी म्हणालो, अन् फोन ठेवून दिला. आता हारलो, तं बायकोले तोंड कसं दाखवू?

दोन दिवसांनी वांदरं आले. छपरावरून उड्या मारून त्यांनी माझे कवेलू इस्कटून टाकले. शिव्या घालत घालत मी शिडी लावून वर चढलो. वरून रुख्माबाईचं आंगण साफ दिसते. पाहतो तं बाई बाजेवर बसल्या, बुगडी मांडीवर. म्हटलं, लाड चालू असतीन. तं रुख्माबाईनं तिची हनुवटी वर केली, आपलं नाक तिच्या मिशीले लावलं, अन् लंबा श्वास घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. "कोबी. तळलेली."

मी कवेलू हातात धरून तसाच बसलो. त्या संध्याकाळी खाऊ होता कोपऱ्यातल्या मंदाबाईकडं. मंदाबाईनं डबा वाजवला, रुख्माबाईनं डोळे मिटले, अन् म्हणाल्या, "कोबीच्या वड्या."

अस्सं! बुगडी तं पिल्लू होती तवापासून गल्लीतल्या साऱ्याच चुलींची पाव्हणी. जिथी तिथी जाऊन चाटायची, अन् संध्याकाळच्या आधी रुख्माबाईच्या मांडीवर खबर पोचवायची. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शिडीवर चढलो. एकही कवेलू हालला नव्हता, तरी चढलो. बाईनं मिशी हुंगली, "खोबरं" म्हणाल्या, अन् संध्याकाळी समीक्षाच्या घरी खोबऱ्याच्या वड्या निघाल्या. सारी गल्ली टाळ्या पिटत होती. मीही पिटल्या. चोराच्या वाटा चोराले माहीत म्हणतात, पण आता मलेही माहीत झाल्या होत्या.

कोणाले सांगतलं नाई. भाल्याले सांगतलं, पण तो झोपला होता.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी वर्ध्याले बाजारात गेलो. शिंगाडे आले होते, तळ्यातले, हिरवेगार. दोन किलो घेतले, अन् वरून झेंडूचे फुलं टाकून पिशवी भरली. रुख्माबाई दारातच उभ्या होत्या. पिशवीत डोकावल्या. "फुलंच आणले का, भाऊजी? खायाले घालसान काय, फुलं?" मी पिशवी घेऊन सरळ घरात गेलो. थांबलो असतो, तं हासलो असतो.

शिंगाडे उकडाले चुलीवर ठेवले, आंघोळीच्याच गंजात. मीठ टाकलं, वर झाकण ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याले वाटे, म्हातारा आंघोळ करून राह्यला. मंग घरात येऊन गॅसवर मूठभर बेसन तुपात भाजलं. असं भाजलं की वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. थोडं करपलं, पण ते चालते.

दुपारी बुगडी आली, टोपल्यात जाऊन बसली. मी तिच्यासमोर मांडी घातली. आजवर तिले कधी हात लावला नव्हता, खरं सांगतो. बोटावर बेसनाचं तूप घेतलं अन् तिच्या मिशीले लावलं, इकडून, तिकडून. तिनं माझ्याकडं असं पाह्यलं, जशी म्हणून राह्यली, काय हो महादेवराव, येडे झाले का? मंग बोट चाटलं. खरखरीत जीभ. पोट हाताले गरम लागलं, अन् आत काईतरी हाललं. मी तसाच बसून राह्यलो. पैज हारलो, तं हे सारं भिंतीपलीकडं जाईन, असं मनात आलं.

"जा," म्हटलं. "खबर दे."

गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला, "अहाहा! बेसन!"

संध्याकाळी चंद्र वर आला. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव केला, त्याच्याखाली भुलाबाई-भुलोजी बसवले, झेंडूचे हार घातले. चुलीवर आटवायचं दूध ठेवलं. सारी गल्ली आंगणात. पोट्ट्या फेर धरून गाणे म्हणत होत्या, अन् मंदाबाई शेजारणीले सांगत होती, पुरुषाच्या घरची भुलाबाई पहिल्यांदाच पाहून राह्यली, बाई. बुगडी भिंतीवर बसून आपली मिशी पुसत होती.

गाणे संपले. मी डबा घेऊन उठलो अन् वाजवला. धब, धब.

"आजी," समीक्षा म्हणाली, "लाडू असे नाई वाजत."

"तुले काय कळते!" रुख्माबाई म्हणाल्या. "पुरुषाचे लाडू दगडासारखेच वाजतीन. भाऊजी, बेसनाचे लाडू."

"नाई."

रुख्माबाईनं डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा उघडले असतीन. "मंग बेसनाची वडी."

"नाई."

दूध उतू जाऊन राह्यलं होतं, कोणाचं ध्यान नाई. मी डबा पुन्हा वाजवला. समीक्षा म्हणाली, "आजी, ऐका तरी!" पण रुख्माबाई ऐकतीन का? त्या भिंतीकडं पाहत होत्या, बुगडीकडं.

"मंग झुणका!" त्या ओरडल्या. "करपलेला झुणका!"

मी झाकण काढलं. साऱ्यांनी माना लांबवल्या. काळेभोर शिंगाडे, उकडलेले, मिठाचे.

पोट्ट्यांनी असा कल्ला केला की भाल्या उठून बसला. अन् त्या कल्ल्यात रुख्माबाई काठी आपटत पुढं आल्या. "लबाडी हाये! सारी लबाडी! तिच्या मिशीले तं बेसनाचा वास होता!"

बोलल्या, अन् जागीच थबकल्या.

"कोणाच्या मिशीले, आजी?" समीक्षानं विचारलं.

रुख्माबाईनं पदर तोंडाले लावला. मंदाबाई हळूच उठली. बुगडीकडं पाह्यलं, रुख्माबाईकडं पाह्यलं. "म्हणजे माझ्या कोबीच्या वड्या..."

"अन् आमचं खोबरं!" समीक्षा ओरडली.

"अन् माझा चिवडा!" मागून कोणीतरी. मंग जे हासणं सुटलं, बापा! पोट्ट्या एकमेकींच्या अंगावर लोळू लागल्या. एवढे वर्षं सारी गल्ली एका मांजरीच्या मिशीवर हारत आली होती. शेवटी रुख्माबाईही पदराआड हासू लागल्या, डोळ्यात पाणी येईस्तोवर. "बदमाश बुढ्ढा!" त्या मले म्हणाल्या. माझी छाती गजभर फुगली, म्हणा ना. जिनिंगमध्ये मले कोणी कधी हार घातला नाई, समीक्षानं भुलाबाईच्या पुढचा झेंडूचा हार काढून माझ्या गळ्यात घातला.

शब्दाच्या पक्क्या पण रुख्माबाई. घरी गेल्या अन् दुधाची वाटी घेऊन आल्या. माझ्या सपरीत ठेवली, साऱ्यांसमोर. "घ्या," म्हणाल्या. "मी आता ठेवणार नाई." बुगडी भिंतीवरून उतरली, दूध पेली अन् भाल्याच्या पाठीवरून चालत सरळ घरात गेली. मी फोन लावला. सुलोचनाले पैजेपासून सारं सांगतलं. ती ऐकत राह्यली, अन् मंग म्हणते, "शिंगाडे आंघोळीच्या गंजात उकडले? माझ्या?" एवढंच ऐकलं होतं तिनं. पण हासून राह्यली होती, ते मले आयकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून रुख्माबाईच्या आंगणातून आवाज येईना. वाटी नाई, "ये ये" नाई. मी जिंकलो होतो, अन् मजेत होतो, पूर्ण मजेत. बुगडी दिवसभर टोपल्यात, मी बाजूले चहा पेत. भिंतीकडं एखाद्या वेळेस ध्यान जायचं, तेवढंच.

अन् एक दिवस सकाळी चहा ठेवाले उठलो तं टोपल्यात बारीक चीं चीं ऐकू आली. वाकून पाह्यलं. कापसात चार पिल्लं, कापसाएवढेच पांढरे, डोळे मिटलेले, अन् बुगडी त्यांले चाटून राह्यली होती. मी बापा येडाच झालो. चहा राह्यला, फोन राह्यला, चप्पलही राह्यली. भाल्याले ओलांडून भिंतीकडं पळालो अन् गल्ली जागी होईन अशा आवाजात ओरडलो.

"रुख्माबाई! या लवकर! आपल्या बुगडीले पिल्लं झाले!"

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला. मंग रुख्माबाई दिसल्या, काठीशिवाय, केस मोकळे, दारातून पळत येऊन राह्यलेल्या.

"उभे काय राह्यले, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "दूध तापवा!"

मी दूध तापवाले गेलो.