दोनदा उलटलेला शब्द

साबणवालीने पहिल्या वडीवरचा कागद सोडला आणि ती वडी उजेडाला धरली. ठसा चांगला खोल उमटला होता, कडा रेखीव होत्या, पण अक्षरं उलटी. 'विसावा'तला शेवटचा 'वा' पुढे येऊन बसलेला, 'सा' पाठमोरा आणि 'वि'ची वेलांटी भलत्याच अंगाला.

एखादी वडी बिघडली असेल म्हणून तिने दुसरी सोडली. मग तिसरी. मग अगदी तळाच्या खोक्यात हात घालून एक उपसली. सगळ्या तशाच. आठशेच्या आठशे वड्या पातळ कागदात नीट गुंडाळून, खोक्यांत भरून तयार होत्या, आणि एकीवरही सरळ अक्षर नव्हतं. ती होती तिथेच, पोत्यावर बसली.

आज बुधवार. शुक्रवारी सकाळी रस्त्याकडेचं 'विसावा' नावाचं नवं विश्रामगृह उघडणार होतं, आणि हा माल तिथे जायचा होता. शाळेतली नोकरी सोडताना तिने नवऱ्याला वर्षभराचा शब्द दिला होता. वर्षात जमलं नाही, तर घरामागची ही खोली रिकामी करायची आणि मुकाट्याने पुन्हा खडू हातात घ्यायचा. वर्ष या महिनाअखेर संपत होतं. पहिल्या खेपेचे साबण उन्हाळ्यात घामेजले, दुसऱ्या खेपेला खवट वास सुटला, तरी ती तिसऱ्यांदा पदर खोचून उभी राहिली. शेजारणी म्हणायच्या, हिची हौस काही फिटत नाही बाई. पण या तिसऱ्या खेपेला खरंखुरं गिऱ्हाईक मिळालं होतं. आईला बरं नव्हतं म्हणून ती चार दिवस माहेरी काय गेली, आणि हे!

"आबा," तिने हाक मारली.

सासरे आतून आले, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. "बघितलंस ना? म्हटलं, तू येईपर्यंत गुंडाळूनसुद्धा ठेवतो. एकट्याने केलं हां सगळं. कुणाला हात लावू दिला नाही."

"आबा, हे वाचा."

त्यांनी वडी हातभर लांब धरली. "विसावा. का गं? स्वच्छ वाचता येतंय की."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच सरळ दिसत होतं.

आबांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले होते. खिळ्यावरचं शिशाचं अक्षर उलटं असतं, तेव्हा कुठे कागदावर सरळ उमटतं. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत उलटं वाचून वाचून त्यांच्या डोळ्यांना उलट काय आणि सुलट काय, दोन्ही सारखंच झालं होतं. छापखाना बंद पडल्यावर ते खिडकीशी नुसते बसून असायचे. तिनेच त्यांच्या हातात पटाशी दिली आणि म्हणाली होती, साबणाचे लाकडी ठसे तुम्हीच कोरायचे.

एवढ्यात नणंद चहाचे कप घेऊन आली. वडी पाहिली आणि तिने कप तिथेच खोक्यावर टेकवले. "अगं बाई! वहिनी, ही कुठली भाषा? बाबा, पाहुण्यांनी काय डोक्यावर उभं राहून अंघोळ करायची?"

"काय झालंय काय?" आबा गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघू लागले.

तिने त्यांना भिंतीवरच्या आरशासमोर नेलं, वडी आरशाला दाखवली, मग हातात दिली. पुन्हा आरशात, पुन्हा हातात. तिसऱ्या वेळी त्यांचं हसू मावळलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि मटकन बसले.

"पण मी तर उलटवून कोरलं होतं," ते पुटपुटले. "तू दिलेल्या कागदावरून, नेहमीसारखं उलटवून."

तो कागद! आबांना त्रास नको म्हणून तिने 'विसावा' हा शब्द काचेवर कागद धरून आधीच उलटा गिरवून दिला होता. बोलली मात्र नव्हती. आबांना तो सरळच वाटला, आणि सवयीने त्यांनी तो पुन्हा उलटवला. तिने त्यांची काळजी घेतली, त्यांनी कामाची घेतली, आणि शब्द दोनदा उलटून पुन्हा सरळ झाला. आणि ठशावर सरळ म्हणजे साबणावर उलटा!

"आणि मी," ती हळूच म्हणाली, "माहेरी निघताना मी तो ठसा हातात घेऊन म्हटलं होतं, किती छान वाचता येतंय. वाचता यायलाच नको होतं, आबा. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

चहावर साय धरली.

शेवटी नणंद म्हणाली, "एक सुचतंय. साबण राहणार कुठे? बेसिनवर. बेसिनसमोर काय असतं? आरसा. आरशात बघितलं की सरळ! सांगून टाक, मुद्दाम केलंय, नवीन फॅशन आहे. कोण विचारतंय?"

क्षणभर तिघांचेही चेहरे उजळले. मग साबणवालीने मान खाली घातली. तिचा एक नेम होता. कामाला हात लावण्याआधी रोज दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि मनाशी म्हणायचं, देवा, आज हातून खोटं होऊ देऊ नकोस. आज सकाळीही ती बसली होती. अजून तो दिवस संपला नव्हता.

"आधी त्यांना दाखवू," ती म्हणाली.

"मी येतो," आबा उठले. "हात माझा आहे."

विश्रामगृहात अजून रंगाचा वास होता. मालकीणबाई शिडीवरच्या माणसाला ओरडत होत्या, "अहो, दिवा मधोमध हवा, तुमच्या सोयीने नको!" त्यांनी वडी घेतली, कपाळाला आठी पडली, आणि त्या तशाच शेजारच्या न्हाणीघरात शिरल्या. दोघं पाठोपाठ. बेसिनवर वडी आरशाकडे उभी धरून बाईंनी आत पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"अगं, कमाल आहे! आरशात सरळ! मुद्दाम केलंत ना हे?"

साबणवालीने वडीकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हटलं की झालं. खोली राहील, आबांची पटाशी राहील. आबा खाकरले आणि जमिनीकडे बघत राहिले.

"नाही," ती म्हणाली. "चूक झाली. ठसा उलटा कोरला गेला, आणि तो मीच पाहून पसंत केला होता."

बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी वडी उचलून तिच्या हातात परत ठेवली.

"मग मला सरळच हव्यात. मुद्दाम केलं असतंत तर गोष्ट वेगळी. चुकीचा माल मी मांडणार नाही. परवा सकाळी आठ वाजता."

खाड्कन तोंडात बसावी तसं झालं. खरं बोलल्याबद्दल निदान एक गोड शब्द मिळेल, असं तिला कुठेतरी आत वाटत होतं. मिळाली ती घड्याळाची वेळ. दोघं परतीला लागली. कोपऱ्यावर आबा एकदम थांबले.

"रंधा आहे घरात," ते म्हणाले. "वरचा पापुद्रा काढू. वाफेवर धरली की वडी मऊ होते. पुन्हा ठसा घेईल."

"आठशे वड्या, आबा?"

"एका पानात याहून जास्त खिळे असायचे. कोसळलं पान, तर रडत नव्हतो. पुन्हा जुळवायचो."

त्या दुपारी आबांनी नवा ठसा कोरला आणि तिच्याकडे न देता सरकवला लेकीकडे. "तू वाच. आम्हा दोघांच्या डोळ्यांची साक्ष आजपासून बंद."

नणंदेने ठसा फिरवून फिरवून पाहिला. "मला काही वाचता येत नाहीये!"

"मग बरोबर आहे," दोघं एकदम म्हणाली. तरीही आधी एकच वडी छापली. ती शेजारणीला दाखवली. ती म्हणाली, "विसावा. का हो?" तेव्हा कुठे रंधा चालला. नवरा कामावरून आला, दारात उभा राहून त्याने साबणाच्या भुशात बुडालेली माणसं पाहिली, काही न विचारता बाह्या दुमडल्या आणि पातेल्याखालचा गॅस सांभाळायला बसला. गुरुवार सगळा त्यातच गेला.

शुक्रवारी आठला मालकीणबाईंनी वडी हातात तोलली. "बारीक झाल्यात."

"हो. रंध्याखाली गेल्या."

बाईंनी आणखी दोन वड्या उलगडून पाहिल्या. छताचा दिवा आता मधोमध होता. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात इतक्याच लागतील. जाडीला मात्र पूर्ण." आणि मागे वळून, "ती उलटी वडी उरली असेल तर एक ठेवून जा. माझ्या बेसिनवर."

साबणवाली बाहेर येऊन पायरीवर टेकली. आनंद झाला होता की अजून धक्काच ओसरला नव्हता, तिचं तिलाच उमजेना.

शनिवारी सकाळी ती नेमाप्रमाणे डोळे मिटून बसली. समोरच्या स्टुलावर कसलीशी चाहूल लागली. तिने डोळे उघडले, तर आबाही बसले होते, हात गुडघ्यावर, डोळे घट्ट मिटून. जरा वेळाने त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"झालं का गं, पोरी? पुढच्या महिन्याच्या वड्या ओतायच्यात."