गाडीच्या मागे उभी राहणारी

लोर्नाला झोप हवी होती. बाकी काही नको होतं. निसर्ग नको, शांतता नको, गोठलेल्या तळ्यावरचा सूर्योदय तर मुळीच नको. ते सगळं तिच्या नणंदेच्या, आर्डिसच्या, डोक्यातलं खूळ. "गाडी घे आणि जा चार दिवस स्टेट पार्कात. मी बसते व्हर्लिनपाशी. डोकं शांत होईल तुझं, मग ठरव." डोक्याला काही झालं नव्हतं. पाठीने आणि डोळ्यांनी मात्र केव्हाच हात टेकले होते.

लोर्नाचा नवरा व्हर्लिन गेली चार वर्षं एकेक गोष्ट विसरत चालला होता. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग न्हाणीघर कुठल्या बाजूला आहे ते. रात्री उठून, दार उघडून, पायजम्यावर बर्फात चालू लागायचा, म्हणून दाराला गाईच्या गळ्यातली जुनी घंटा बांधली होती. त्या घंटेपायी लोर्ना चार वर्षं एका कानाने जागी होती. आता गावच्या वृद्धांच्या होममध्ये, अशा विसरणाऱ्या माणसांच्या विभागात, एक खाट रिकामी झाली होती. तिथली खाट कशी रिकामी होते ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या घरी फोन जाणार.

आणि एक अट होती. माणूस रुळेपर्यंत, म्हणजे पहिले दोन आठवडे, घरच्यांनी त्याच्या नजरेला पडायचं नाही. हवं तर यावं, ऑफिसच्या काचेतून बघावं, पण त्याला दिसू नये. दिसलं की तो कोट मागतो आणि घरी चल म्हणतो. हे ऐकून लोर्नाचं पित्त खवळलं होतं. "मी दिसले नाही तर तो घास गिळणार नाही," ती होममधल्या बाईला म्हणाली होती. "माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही." बाई समजूतदारपणे "हो हो" म्हणाली. तिने हे आधी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं असावं.

फिनिक्सला राहणारा मुलगा कर्टिस फोनवर म्हणाला, "आई, तुला योग्य वाटेल ते कर." पाद्री म्हणाले, तुमचं मन सांगेल तसं करा. आर्डिस म्हणाली, मी मध्ये पडणार नाही. असा सगळ्यांनी मोठ्या मनाने तो निर्णय तिच्या गळ्यात घातला, आणि मंगळवारी दुपारी ती गळ्यातलं ते ओझं घेऊन पार्कात पोचली.

हिवाळ्यात तिथे गाड्या लावायची एकच गल्ली उघडी ठेवतात. नळ बंद, अंघोळीची जागा बंद, चालू फक्त वीज आणि आडोशाचा एक संडास. वीस जागा आणि त्यातल्या एकोणीस रिकाम्या. विसावीत हार्लन, पार्काची राखण करणारा निवृत्त म्हातारा, जो त्या बदल्यात तिथे फुकट राहतो. जागा सगळ्या अशा, की गाडी रिव्हर्स घेऊनच लावायची. आणि लोर्नाने ती बसएवढी, आत घर असलेली गाडी आयुष्यात कधी रिव्हर्स घेतली नव्हती.

ते काम व्हर्लिनचं. बावीस वर्षं दोघं दर उन्हाळ्यात या चाकांवरच्या घरातून हिंडली, आणि बावीस वर्षं कामाची वाटणी ठरलेली होती: तो चालवणार, ती मागे उभी राहून हात करणार. कॅम्पमध्ये गाडी मागे घेण्यावरून भल्याभल्यांचे संसार चव्हाट्यावर येतात. बाकीचे लोक खुर्च्या वळवून बघत बसतात. लोर्नाच्या घरी मात्र कधी आवाज चढला नाही, आणि त्याचा तिला अभिमान होता. ती जागेच्या टोकाला, गाडीच्या अगदी मधोमध मागे उभी राहायची, दोन्ही हात वर करून, ट्रॅफिक पोलिसासारखी. ये, ये, डावीकडे, थांब. व्हर्लिनची एक खोड होती. मागे घेण्याआधी तो खाली उतरून सगळ्या जागेला एक चक्कर मारायचा, जमिनीला बुटाने दोन लाथा घालायचा, वर फांद्यांकडे बघायचा. "विकत घ्यायचीय का जागा?" ती ओरडायची. तो हसायचा, गाडीत बसायचा, आणि गाडी लोण्यासारखी आत जायची. मग इंजिन बंद करून खाली उतरला की म्हणायचा, "तू नसतीस तर झाडात घातली असती."

शेजारच्या शेकोटीवर लोर्ना हे सगळ्यांना ऐकवायची. "तीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय म्हणे यांनी. आणि मी मागे नसले तर एवढीशी गाडी लागत नाही."

मंगळवारी मागे कोणी नव्हतं. ती चारदा उतरली, चारदा चढली. चौथ्यांदा चढताना गुडघा पायरीवर आपटला, तेव्हा तिने शिव्या घातल्या, त्याही अर्ध्याच, कारण दमली होती. शेवटी सरळ पुढून नाक खुपसून गाडी आत घातली. विजेचा खांब राहिला एकीकडे आणि गाडीची वायर दुसरीकडे. मग जोडवायर लावून ती गाडीच्या शेपटाकडून, रस्त्याच्या कडेने फिरवून तिने खांबापर्यंत नेली. हीटर चालू झाला. ती कोट न काढताच बसून राहिली.

तासाभराने हार्लन आला. कानटोपी, लाल नाक, हातात कागदात गुंडाळलेला केळ्याचा ब्रेड. त्याने गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली.

"वेगळीच लावलीत," तो म्हणाला.

आमच्या या बर्फाळ भागात याहून कडक बोलायची पद्धत नाही.

"राहू दे अशीच," लोर्ना म्हणाली. "चार दिवसांचाच प्रश्न आहे."

"तुमची मर्जी. ब्रेड घ्या."

"नको हो, कशाला."

"घ्या, घरचा आहे."

"खरंच नको, माझ्याकडे आहे खायला."

"मग ठेवतो इथे पायरीवर. खारी नेतील."

तिने घेतला. दोनदा नको म्हणून झालं होतं, तिसऱ्यांदा म्हणणं उद्धटपणा झाला असता.

झोप काही आली नाही. अंग पलंगावर टाकलं की कान उठून बसायचे. घंटा नव्हती, दार उघडणारं कोणी नव्हतं, तरी दर दोन तासांनी ती ताडकन उठायची आणि शेजारची गादी चाचपायची. बुधवारी सकाळी ती बंद न्हाणीघराच्या भिंतीपाशी गेली. फोन तेवढ्याच जागी लागायचा.

"जेवला का?" तिने आर्डिसला विचारलं.

"जेवला. दोन अंडी, बटाटे, आणि माझ्या ताटातला टोस्ट."

"तुझ्या हातून?"

"स्वतःच्या हातून. सांडलं थोडं."

"रात्री?"

"एकदा उठला. मी म्हटलं, झोप रे. झोपला."

लोर्ना बुटाने बर्फ उकरत राहिली. "मला विचारलं?"

आर्डिस खोटं बोलणारी बाई नव्हे, हाच तिचा दोष. "कॉफीचं विचारलं," ती म्हणाली.

बरं वाटायला हवं होतं. लोर्नाला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याची लाज वाटली. तिने डबाबंद सूप गरम केलं, निम्मं खाल्लं, आणि दिवसभर खिडकीतून रिकाम्या अठरा जागांकडे बघत राहिली. पाठवायचं नाही, असं दुपारपर्यंत ठरलं. पाठवायचं, असं चार वाजता ठरलं. अंधार पडेपर्यंत पुन्हा नाही. खरं तर तिला दोन्हींतलं काहीच नको होतं. कोणीतरी येऊन ठरवून टाकावं आणि आपल्याला झोपू द्यावं, एवढंच तिला हवं होतं.

गुरुवारी सकाळी हार्लन पुन्हा दारात.

"आज रात्री बर्फ येतोय. फूटभर म्हणतायत. पहाटे बर्फ हटवणारा नांगराचा ट्रक येईल."

"मग?"

"तुमची वायर रस्त्याच्या कडेला. ट्रक तिची शेवई करेल, आणि तुम्ही आत थंडीत बसाल. गाडी उलटी करून लावावी लागेल."

"मला रिव्हर्स येत नाही."

"मी असतो ना मागे."

लोर्नाने वायर गुंडाळली, गाडी रस्त्यावर काढली, पुढे नेऊन थांबवली. हार्लन निवांत चालत रस्त्याच्या डाव्या कडेला जाऊन उभा राहिला. तिने काच खाली केली.

"तिथे काय उभे राहताय? मागे जा, मधोमध. बावीस वर्षं केलंय मी हे. मला माहिती आहे कुठे उभं राहायचं ते."

"मधोमध?"

"मधोमध."

हार्लनने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि जाऊन उभा राहिला मधोमध, टोकाला, दोन्ही हात वर करून.

लोर्नाने डाव्या आरशात पाहिलं. बर्फ, पाइनचं झाड, विजेचा खांब. उजव्या आरशात पाहिलं. बर्फ, लाकडी बाक. हार्लन नव्हता. मागे कॅमेरा वगैरे असायला गाडी काही आजकालची नव्हती, आणि मागची भिंत सगळी कपाटाची. तिने मान लांब केली, सीटवरून उठून वाकून पाहिलं. माणूस नव्हताच.

ती खाली उतरून मागे गेली. हार्लन तिथेच होता, हात वर करून.

"हलला होतात का?"

"तसूभर नाही."

ती परत चढली. पुन्हा बर्फ, झाड, खांब. पुन्हा बर्फ आणि बाक.

इंजिन तसंच चालू ठेवून ती बसली. थोड्या वेळाने हार्लन खिडकीशी आला.

"जिथून मला तुमचा चेहरा तुमच्या आरशात दिसतो, तिथूनच तुम्हाला मी दिसणार," तो हळू आवाजात म्हणाला. "मध्ये उभा राहिलेला दिसत नाही कोणाला. म्हणून मी कडेला होतो."

"बावीस वर्षं मी तिथे उभी राहिले."

"हं."

"म्हणजे त्याला मी कधी दिसलेच नाही."

हार्लनने कानटोपी खाली ओढली. "काय करायचे तुमचे मिस्टर?"

"दुधाचा टँकर चालवायचे. तीस वर्षं."

"मग झालं तर," हार्लन म्हणाला. "टँकरवाले गोठ्यागोठ्यात गाडी मागे घेतात, एकटे. आधी उतरून सगळी जागा बघून घेतात एकदा."

जमिनीला घातलेल्या दोन लाथा, फांद्यांकडे बघणं, ती सगळी चक्कर. लोर्ना हसायला लागली. हसता हसता तिला राग आला, बावीस वर्षांचा एकदम: मला शेकोटीवर सगळ्यांसमोर फुशारकी मारू दिलीस, मूर्खा. आणि राग पुरता यायच्या आत तिला रडू आलं. एकदाही तो म्हणाला नव्हता, बाजूला हो, मला तू दिसत नाहीस. उन्हापावसात ती हात करत उभी राहायची, आणि तो तिला नीट उभी राहू द्यायचा. तिच्या अंगावर गाडी घालायची नाही एवढं जपून, आणि मग खाली उतरून आभार मानायचे. त्याला तिची गरज नव्हती. आपली गरज आहे असं तिला वाटायला हवं होतं, हे त्याने ओळखलं होतं.

हार्लन खिशात हात घालून झाडाकडे बघत राहिला. आमच्याकडचे पुरुष अशा वेळी झाडाकडे बघतात.

"लावूया?" पाचेक मिनिटांनी तो म्हणाला.

तो कडेला उभा राहिला आणि आरशात दिसत राहिला. तिसऱ्या खेपेला गाडी आत गेली. जरा तिरकी, एक चाक खडी सोडून कडेच्या बर्फात, पण गेली. लोर्नाने वायर खांबाला लावली, आत येऊन पलंगावर आडवी झाली, बूट पायातच, आणि चार वर्षांत झोपली नव्हती तशी झोपली. भर दिवसा, तोंड उघडं टाकून, साडेतीन तास.

उठली तेव्हा बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. ती न्हाणीघराच्या भिंतीपाशी गेली.

"आर्डिस, खरं सांग. विचारलं का त्याने मला?"

"नाही गं. नाही विचारलं. देऊ का त्याला फोन?"

फोनमध्ये श्वास आला. "हॅलो?"

"व्हर्लिन, मी लोर्ना."

"लोर्ना बाहेर गेलीये," तो अदबीने म्हणाला. "निरोप घेऊ का?"

तिने भिंतीला पाठ टेकली. "सांगा तिला, गाडी लावली म्हणावं. रिव्हर्स."

मग त्याचा आवाज बदलला, टँकरवाल्याचा झाला. "सरळ लागली?"

कडेच्या बर्फातलं चाक तिला तिथूनही दिसत होतं.

"सरळ," ती म्हणाली. "तू नसतास तर झाडात घातली असती."

तो खुदकन हसला. कशाला हसला ते त्याला ठाऊक असेल-नसेल. फोन आर्डिसकडे गेला आणि बंद झाला.

पावणेपाच वाजले होते. लोर्नाने होमचा नंबर लावला. तीच बाई होती.

"आम्ही खाट घेतो," लोर्ना म्हणाली. "सोमवारी आणते त्याला."

बाईने तारीख लिहून घेतली, त्याचा स्वेटर कुठल्या मापाचा ते विचारलं, कॉफीत साखर किती ते विचारलं. मग तिचा आवाज मऊ झाला. "आणि ते पहिल्या दोन आठवड्यांचं लक्षात आहे ना? तुम्ही इथे असलात तरी त्यांना दिसायचं नाही. घरच्यांना फार जड जातं ते, आधीच सांगते."

"जमेल मला," लोर्ना म्हणाली. "सवय आहे."