सहावर एक

वीरवेणीने आपल्या लेकीला, लोवाला, अंगणवाडीत आणून सोडलं, पण आज ती बाजाराकडे वळली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. मोठ्या कार्यालयातून हारिका मॅडम कालपासून पोरांची परीक्षा घ्यायला आल्या होत्या. ज्या पोरांना मोजता येईल, कुठे कमी नि कुठे जास्त ते सांगता येईल, ती पावसाळा लागला की पहिलीत जाणार. बाकीची आणखी एक वर्ष इथेच, नुकत्याच चालायला लागलेल्या बाळांच्या घोळक्यात. लोवाला शाळेचं असं वेड होतं की संध्याकाळी घरी ती कोंबड्यांचीच शिकवणी घ्यायची.

मॅडमनी चटईवर चिंचोके मांडले. मांडीवर फोन होता, त्यात एकेक प्रश्न यायचा.

"मोज, तल्ली," मॅडम म्हणाल्या. बोलल्या अगदी गोड, लेकीला हाक मारावी तसं.

लोवाने एकेक चिंचोका बोटाने पुढे सरकवला. "लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा. सहावर एक. आठ."

"परत एकदा. नीट."

लोवाने परत मोजलं. बोट एकदाही अडखळलं नाही, एकही चिंचोका सुटला नाही. शब्द मात्र तेच.

मॅडमनी फोनवर बोट टेकवलं. पडद्यावर लाल ठिपका उमटला. "एक येत नाही. सात येत नाही. पुढच्या वर्षी बघू."

वीरवेणी पुढे आली. "येतं तिला, मॅडम. मी बाजारात भाजलेले शेंगदाणे मापाने विकते, ही शेजारी बसते. पहिलं माप ओतताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि सात म्हणजे एडू, आपल्या बोलीत रडण्यालाही तोच शब्द. गिऱ्हाइकाच्या पिशवीत बघून एडू म्हटलं तर त्याला 'रड' म्हटल्यासारखं होतं. म्हणून सहावर एक."

"मला माहीत आहे हो," मॅडम म्हणाल्या. "माझी आजी भात असाच मोजायची. पण फोनला माहीत नाही ना."

वीरवेणीला आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. माहीत नसतं तर तिने दहा वेळा समजावलं असतं, हात जोडले असते. पण ही बाई जाणून लाल ठिपका लावत होती.

"टीचरम्मा," तिने कोपऱ्यात अंडी सोलत बसलेल्या मंगतायारूंना हाक मारली, "तुम्ही सांगा की. परवा माझ्याकडून शेंगदाणे नेलेत. मागे कुणा पोराने सात म्हटलं तेव्हा माप परत ओतायला कोणी लावलं होतं?"

मंगतायारू अंड्याकडे बघत म्हणाल्या, "ते बाजाराचं झालं, वीरवेणी. इथे सरकारी काम आहे."

"म्हणजे बाजारात आठ चिंचोके वेगळे असतात?"

मागे आपापली पोरं घेऊन उभ्या असलेल्या दोघी आया खुदकन हसल्या. मंगतायारूंच्या हातातलं अंडं टरफलासकट तुटलं.

"कमी-जास्त तरी विचारा तिला," वीरवेणी म्हणाली.

"मोजणं बरोबर आल्याशिवाय तो प्रश्न उघडत नाही."

"मग मी उघडते." तिने फतकल मारली आणि चिंचोक्यांच्या दोन ढिगल्या केल्या. "लोवा, कुठे जास्त?"

लोवाने दोन्ही मोजल्या. "इथे सहा. इथे सहावर एक."

"मग?"

पोरीने आईकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती मठ्ठ कोंबडीकडे बघायची. "सांगितलं ना. सहावर एक म्हणजे एक जास्त."

मॅडमना हसू आलं, खरंखुरं. त्यांनी लोवाच्या गालाला हात लावला. "हुशार आहे हो तुमची मुलगी. असं करू या. टीचरनी गाणं शिकवलंय ना अंकांचं? तेच म्हणू दे. मी परत सुरुवात करते."

लोवाने चिंचोके पुन्हा रांगेत लावले. मग विचारलं, "गाणं म्हणू की मोजू?"

वीरवेणीला वाटलं, आता तरी ह्या बाईंना ऐकू आलं असेल.

"गाणं म्हण," मॅडम म्हणाल्या.

लोवा उठून उभी राहिली, हात मागे बांधले आणि छताकडे बघत एका दमात एकपासून दहापर्यंत गाऊन मोकळी झाली. सातसुद्धा म्हटला, छताला. चिंचोक्यांना तिने हातही लावला नाही. फोनवर हिरवा ठिपका आला.

"झालं बघा," मॅडम म्हणाल्या. "पहिलीत गेली."

"चिंचोके आठ आहेत," वीरवेणी म्हणाली.

"हो, पण..."

"आठच आहेत, आणि ही दहापर्यंत गेली. खरं मोजलं तेव्हा लाल, न मोजता गायली तेव्हा हिरवं."

"अहो, तुमचं काम झालं ना? आता कशाला वाद घालता?"

झालं होतं. लोवा आनंदाने चटईभर उड्या मारत होती. तिला उचलावं आणि बाजार गाठावा, एवढंच उरलं होतं. पण वीरवेणीला काल संध्याकाळची मस्तानम्मा आठवली. मापाने सुकी कोळंबी विकणारी मस्तानम्मा नातीचा हात धरून कालव्याच्या काठाने चालली होती आणि नातीला म्हणत होती, "डोक्यात काही शिरतच नाही का गं तुझ्या?" ती पोरही इथूनच लाल ठिपका घेऊन गेली होती.

"काल मस्तानम्माच्या नातीने लाभ म्हटलं का?" वीरवेणीने विचारलं.

मॅडमनी मंगतायारूंकडे पाहिलं. मंगतायारूंनी होकारार्थी मान डोलावली.

"आणखी कोणी?"

"चुरमुरेवाल्याची दोघं," मंगतायारू हळूच म्हणाल्या.

"त्यांना गाणं म्हणायला का नाही सांगितलं?"

"त्यांच्या आया आल्या नव्हत्या," मॅडम म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर ओठ मिटून घेतले.

वीरवेणी दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. पाय पसरले, पाठ चौकटीला लावली. आता आत येणाऱ्याला किंवा बाहेर जाणाऱ्याला तिला ओलांडूनच जावं लागलं असतं.

"मला दुपारी दुसऱ्या गावी जायचंय," मॅडम म्हणाल्या.

"पोरं इथलीच आहेत. त्यांना आणायला लांब नाही जायचं."

"हे बरं नाही दिसत, वीरवेणी," मंगतायारू म्हणाल्या. वीरवेणीने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मंगतायारूंनी अंड्यांचं पातेलं झाकलं. पदराला हात पुसले. मग दाराशी येऊन, साडी किंचित उचलून, वीरवेणीचे पाय ओलांडून त्या बाहेर पडल्या.

"आधी मस्तानम्माकडे जाते," त्या म्हणाल्या. "चुरमुरेवाला पुढच्याच गल्लीत राहतो."