डक्टवरचा पत्रा

रविवारी सकाळी कृष्णकांतजींच्या घरात दोन कामं ठरलेली असत. सासू प्रयागबाई मटणाचा मसाला भाजायला घेई आणि सून वैभवी भिंत पुसायला. वाडीतलं हे दुमजली घर बांधताना कृष्णकांतजींनी जिन्याच्या पायऱ्यांनाही ग्रॅनाइट लावलं होतं. पण वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, सहा वर्षांच्या पिंकीच्या पलंगाशेजारी, भिंतीनं काळी बुरशी धरली होती. फिनेलच्या फडक्यानं पुसली तर निघे आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. आधी ठिपके, मग ठिपक्याला ठिपका मिळून टोपल्याएवढा डाग. बोट लावलं की बुळबुळीत. फडकं पिळल्यावर बादलीत जे उतरे ते पाहून वैभवीला मळमळायचं. आणि त्याच भिंतीकडे तोंड करून तिची लेक रोज झोपत होती.

पिंकीचा खोकला जुलैपासून थांबला नव्हता. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि घरातली ओल आधी घालवा, नाहीतर हा दमा कायमचा होईल, असं बजावलं. कृष्णकांतजींनी तीन रंगारी बदलले, भिंतीला महागातला वॉटरप्रूफ रंग फासला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा सगळा कारभार.

त्या रविवारी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन घरघरायला लागला म्हणून गोविंदा आला. उन्हाळ्यात कूलर आणि पावसाळ्यात पंखे दुरुस्त करणारा, पन्नाशीचा माणूस. त्यानं आधी उदबत्ती पेटवली आणि चालू फॅनसमोर धरली. धूर बाहेर ओढला जायला हवा होता. तो जाळीपर्यंत गेला आणि उलटा फिरून वैभवीच्या तोंडावर आला.

"ताई, हवा जाऊनच नाही राहिली. वापस येऊन राहिली. फॅन कधी साफ केला होता?"

"केलाच नाही," वैभवी ओशाळून म्हणाली.

गोविंदानं फॅन उतरवला. पात्यांवर केस, धूळ आणि साबणाचा चिकट थर इतका जाड होता की तो स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावा लागला. फॅन धुतला, तेल दिलं, पुन्हा बसवला. उदबत्तीचा धूर पुन्हा उलटाच आला.

"फॅनचा दोष नाही. डक्टचं तोंड पाहा लागन."

दोघं गच्चीवर गेले. पिंकीच्या भिंतीला लागून, घराच्या पोटातून वर येणाऱ्या त्या चौकोनी पोकळीत दोन्ही मजल्यांची बाथरूमं आणि खालचं स्वयंपाकघर आपली वाफ सोडत. वरच्या स्वयंपाकघराला तेवढी रस्त्याकडची खिडकी होती. डक्टच्या तोंडावर लोखंडी पत्रा ठोकलेला होता. कडेनं सिमेंट भरलेलं, मुंगीलाही वाट नाही.

"हे कोण्या शहाण्यानं केलं जी?" गोविंदानं विचारलं.

वैभवीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी खाली नंदिनी आणि अश्विन भाड्यानं आले होते. ती दवाखान्यात नर्स, तो गोदामात सुपरवायझर, सोबत लहानगा प्रशिक. आडनावावरून कोणाला काही उमगलं नव्हतं. करारनामा झाला, सामान लागलं आणि मग भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. त्या दिवसापासून कृष्णकांतजींच्या नाकाला वास यायला लागला. आपण जातपात मानत नाही, असं ते चारचौघांत छाती ठोकून सांगत. जातीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. फक्त वासाबद्दल बोलत. घालवून द्यावं तर लोक नावं ठेवतील, म्हणून खाली गोड बोलून वर पत्रा ठोकून घेतला. असल्या सभ्यपणाची शिसारी यावी, पण आपल्याकडे त्याला समंजसपणा म्हणतात.

आणि वैभवीनं तेव्हा काय केलं? बुद्धपौर्णिमेला नंदिनीनं आणून दिलेली खीर सासूनं मोरीत ओतली, तेव्हा रिकामी वाटी वैभवीनंच धुतली होती. घरात नाही, अंगणातल्या नळावर.

"खालचा फॅनही पाहा लागन," गोविंदा म्हणाला. तशी ती दोन वर्षांत पहिल्यांदा खालच्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेली.

स्वयंपाकघराची भिंत ओट्यापासून छतापर्यंत काळी होती. ट्रॉलीच्या दारांवर पांढरी लव उगवलेली. नंदिनीनं प्रशिकचा स्वेटर घडीतून काढून दाखवला, त्याच्या बाह्यांवर हिरवट बुरशी होती. हवा तोंडात घेतली तर ओल्या बोळ्यासारखी लागत होती. फळीवर ओढायचा पंप होता, पिंकीच्या पंपाच्याच रंगाचा.

"प्रशिकलेही?" वैभवीनं विचारलं.

"हाव. दोन वेळ."

"तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"तीनदा सांगितलं, ताई." नंदिनीचा आवाज चढला नाही. "वरचे बाबा म्हणाले, तुमच्या लोकाइले साफसफाईची सवय नाही, म्हणून बुरशी लागते. वास येते म्हणाले, तर मी सुके झिंगे बंद केले. मग अंडं बंद केलं. मग लसणाची फोडणी. दीड वर्ष झालं, आम्ही वरणभात खाऊन राहिलो. तरी त्याइले वास येतेच."

सकाळी पुसलेल्या भिंतीचा काळपटपणा अजून वैभवीच्या नखांत होता. वरच्या बुरशीला रंगारी दोषी आणि खालच्या बुरशीला माणसं दोषी, हा न्याय तिच्याच घरातला होता. ती जिना चढली.

वर ताटं वाढली जात होती. घरभर मटणाचा वास दरवळत होता.

"बाबा, डक्टवरचा पत्रा काढावा लागते. ओल त्याच्यामुळंच आहे. पिंकीचा खोकला त्याच्यामुळंच आहे."

"पत्रा नाही निघत," कृष्णकांतजी म्हणाले. "काढला का तो वास माझ्या देवघरापर्यंत येईन."

"आज आपल्या घरी काय शिजून राहिलं?"

"मटण. दर रविवारी शिजते."

"तो वास जात नाही काय देवघरात?"

"आपला वेगळा अन् त्याइचा वेगळा," कृष्णकांतजी शांतपणे म्हणाले आणि लिंबू पिळायला लागले.

"तोंड आवर वं सुनबाई," प्रयागबाई गरजली. वैभवीनं नवऱ्याकडे पाहिलं. अमोलनं मोबाईलमधून मान वर काढली. "पावसाळा जाऊ दे ना. दिवाळीत पाहू."

"दिवाळीपर्यंत पिंकीनं श्वास नाही घ्यायचा काय?"

आतल्या खोलीतून पिंकीला खोकल्याची उबळ आल्याचं ऐकू आलं. अमोल पुन्हा मोबाईलमध्ये बुडाला. वैभवी पिंकीला पंप देऊन आली आणि तडक गच्चीवर गेली. गोविंदा हत्यारं आवरत होता.

"पत्रा काढा, भाऊ."

"ताई, मालक नाही म्हणून राहिले. मी कसा हात लावू?"

"मग छन्नी-हातोडी माझ्याजवळ द्या."

पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसऱ्यानं सिमेंटचा टवका उडाला. आवाज ऐकून शेजारच्या गच्च्यांवर माणसं आली, खरकट्या हातानं कृष्णकांतजी वर आले. "हे घर माझं आहे!" ते ओरडले.

"भिंतही तुमचीच आहे, अन् नातही," वैभवी म्हणाली. हात थांबले नाहीत. थोड्या वेळानं गोविंदानं मान खाली घालून दुसरी बाजू फोडायला घेतली. या घरचं काम कायमचं सुटेल हे त्याला कळत होतं.

पत्रा सरकला आणि आतून जो भपकारा आला त्यानं शेजारीही मागे सरले. सडलेलं घरटं, पत्रा ठोकताना आत कोंडून मेलेल्या कबुतरांची पिसं आणि हाडं, आणि भिंतींवरून ओघळणारा काळा, तारा सुटलेला रबडा. दोन वर्षं दोन घरांतली पोरं हे हुंगत होती.

प्रयागबाईनं नाकाला पदर लावला. "पाह्य! म्हणत नव्हती मी, खालच्याइचा वास येते म्हणून!"

"आई, हे खालचं नाही," गोविंदा म्हणाला. "हे कोंडलेल्या कबुतराइचं आहे, अन् तुमच्याच बाथरूमच्या वाफेचं."

कृष्णकांतजी खाली जाऊन पुन्हा ताटावर बसले. त्यांना जेवण गेलं, हे विशेष.

गोविंदानं डक्ट घासून काढला, वर जाळी आणि उंच छप्पर बसवलं. वैभवीनं दर महिन्याला दोन्ही मजल्यांचे फॅन धुवायचं काम स्वतःकडे घेतलं. पंधरा दिवसांत भिंत कोरडी व्हायला लागली. मग ती माफी मागायला खाली गेली. नंदिनी सामान बांधत होती.

"पत्रा काढला, चांगलं केलं. पण आम्ही दुसरं घर पाहिलं, ताई."

"आता तर हवा जाते ना?"

"जाते. पण मी फोडणी द्यायले गेली का अजूनही पहिले वर पाहतो. हे या घरात नाही सुटायचं."

वैभवीनं वाकून खोक्याच्या सुतळीचं दुसरं टोक धरलं.

नंदिनी गेल्यावर दारावर 'भाड्यानं देणे आहे' अशी पाटी लागली. त्यावर नंबर वैभवीचा होता, कारण घर दाखवायचं काम तिच्यावरच पडे. "फोन करणाऱ्याले पहिले आडनाव पुसजो," कृष्णकांतजींनी बजावलं. "त्यावरून नाही समजलं तर गाव पुसजो. मग बाकीचं."

तिसऱ्या दिवशी फोन आला. कोण्या तरुण बाईचा आवाज होता. घर किती खोल्यांचं, पाणी कधी येतं, असं विचारता विचारता ती थबकली.

"आधीच सांगून देतो, ताई. आम्ही बौद्ध आहो. तुम्हाले चालन काय?"

समोर कृष्णकांतजी पेपर धरून बसले होते. पान उलटत नव्हतं. त्या बाईनं पत्ता सांगावा तितक्या सवयीनं हे सांगितलं होतं. किती दारांनी तिला ही सवय लावली असेल, आणि तसलंच एक दार आपलं होतं.

"ते सांगायचं काम नाही," वैभवी मोठ्यानं, सासऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "पहिले मी सांगतो. या घरात बुरशी होती, बाई. आमचीच होती. पुसून राहिलो, पण अजून पुरी निघाली नाही. तुम्ही या, पाहा, अन् आम्ही तुम्हाले चालतो का, ते तुम्ही सांगा."