लोसाला कधी होत नाही

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या एका वृद्धाश्रमात ऑगस्टचा हिवाळा आला की उलट्यांची साथ ठरलेली. यंदा सात सेविका आडव्या झाल्या आणि लोसाची रजा पुन्हा रद्द झाली. शनिवारी ब्रिस्बेनला तिच्या लेकीचं, तेउइलाचं लग्न होतं. पण साथीत बाकीच्यांनी घरी जाऊन झोपायचं आणि लोसाला कधी होत नाही म्हणून लोसानं पुसत बसायचं, हे एकोणीस वर्षं चालत आलेलं.

म्हणून तर तिनं या उलट्यांवरच्या नव्या लशीच्या चाचणीत नाव दिलं होतं, बाकीच्या सेविकांनाही गळ घालून सुया टोचून घ्यायला लावल्या होत्या. सगळ्यांना लस लागू पडली की आपण सुटलो, एवढंच तिचं म्हणणं.

गुरुवारी दुपारी चाचणीवाली डॉक्टर इमोजेन लाळेच्या तपासणीचे कागद घेऊन आली. चेहरा पार ओढलेला.

"लस फुकट गेली, लोसा. सगळ्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती आली, पण ती गेल्या वर्षीच्या विषाणूविरुद्ध. यंदाच्यानं रूप पालटलंय."

"मग मी कशी ठणठणीत?"

"तुम्ही जन्मापासूनच तशा. हा विषाणू आतड्यात ज्याला धरून आत शिरतो, ते तुमच्यात नाहीच. ही तपासणी आम्ही आधी करायला हवी होती, राहून गेली."

"आणि बाकीच्यांची लस?"

"पुन्हा पहिल्यापासून. दहाएक वर्षं तरी."

लोसा मटकन खुर्चीत बसली. तिला रडू येत होतं, पण रडायचंही त्राण नव्हतं.

"पोरी, एकदा तरी मला होऊ दे गं."

तेवढ्यात व्यवस्थापिका ब्रॉन्विन दारात आली. "लोसा, बारा नंबरला परत झालंय. बादली घेऊन चल."

लोसा उठली नाही. "मलाही उलटी झाली आत्ता," ती म्हणाली.

नियम भिंतीवरच लावलेला होता: ज्याला उलटी झाली, त्यानं ती थांबल्यावरही दोन दिवस इथं पाऊल टाकायचं नाही.

"तुला? काहीतरीच! डॉक्टर, हिला होतं का कधी?"

इमोजेननं हातातला कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"क्वचित होतं, दुसऱ्या जातीच्या विषाणूनं. ताबडतोब घरी पाठवा यांना."

लोसानं पिशवी उचलली. बारा नंबरची म्हातारी तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे. वाईट वाटलंच. दारातून तिनं मागे वळून पाहिलं. इमोजेन हातमोजे चढवत ब्रॉन्विनला विचारत होती, "बादली कुठं ठेवता?"