बुश कुणी बसवले?

माझा नवरा स्वेतोझार म्हणजे फाटक्या तोंडाचा, पण हात सोन्याचे. क्रागुयेवाच शहरात चाळीस वर्षं आमचं गॅरेज, आणि चाळीस वर्षं त्याच्या हाताखाली मीच. गाडीचं चाक धरणाऱ्या लोखंडी आर्ममध्ये धक्के झेलणारा रबरी बुश दाबून बसवायचा तर साबणाचं पाणी, दुसरं काही नाही, हा त्याचा धर्म. पाणी वाळतं आणि रबर जागेवर घट्ट धरतं. ग्रीस लावलं तर बुश झटकन आत जातो खरा, पण ग्रीस वाळत नाही, रबर फुगतं, सडतं. साबणाचा डबा भरायचं काम माझं. पाणी पातळ झालं की अख्ख्या गल्लीसमोर माझा उद्धार व्हायचा.

मार्चमध्ये झिवादिन आला. हा टॅक्सीवाला, तरुणपणी आमच्याकडेच काम शिकलेला. दोन महिन्यांपूर्वी स्वेतोनं त्याच्या जुन्या झास्तावा गाडीचे पुढचे बुश बदलले होते.

"वहिनी, गाडी खडखडते. ब्रेक मारला की एका अंगाला ओढते. काल ट्रकखालीच गेलो असतो."

"स्वस्तातलं रबर आणून दिलं असशील, कंजूष मेला!"

एरवी तो हसला असता. त्यानं खिशातून बुश काढून माझ्या हातावर ठेवला. फुगलेला, भिजल्या पावासारखा मऊ, आणि ग्रीसचा वास. बुश बसवले त्या दिवशी मी दात काढून घ्यायला गेले होते. गॅरेजात स्वेतो एकटाच होता.

खोटं कशाला बोलू? हिवाळ्यात दोनदा त्यानं कॉफीत मीठ घातलं होतं. एकदा चाकाचे नट न आवळताच गाडी सोडायला निघाला, मीच ते गपचूप आवळले. वय झालं, म्हणत डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते मी.

तेवढ्यात स्वेतो बाहेर आला. माझ्या हातातला बुश घेऊन उजेडात धरला, नखानं दाबला, वास घेतला.

"कुठल्या गाढवानं केलं हे? रबराला ग्रीस? झिवादिन, कुणाकडे गेला होतास रे?"

झिवादिननं माझ्याकडे बघितलं.

"बोल ना! त्याच्या हातात पुन्हा पाना देऊ नका. आज बुश, उद्या ब्रेक. माणसं मारेल तो!"

"उस्ताद, तुम्ही..." झिवादिननं तोंड उघडलं.

"मी बसवले," मी म्हटलं. "साबण सापडला नाही मला."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. पातळ साबणासाठी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस तो! पण त्यानं हात पुसले आणि माझ्याजवळ आला.

"दसांका," तो म्हणाला, "चाळीस वर्षांनी तू साबण विसरलीस?"

असा आवाज मी त्याच्या तोंडून लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

"बास झालं मग. बंद करू गॅरेज. तुला घरी एकटी टाकून मी इथं कसा राबू?"

त्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या हातानं पाटी उतरवली. शिडी धरायला झिवादिन आला होता. मागे जाऊन रडला मेला, मोठा बाप्या.

आता बाजारात स्वेतो माझं कोपर धरून चालतो. चीजवालीला सांगतो, "हिला हल्ली आठवत नाही काही. मी असतो सोबत." कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे मी, पण मान डोलावते. ती माझ्याकडे कीव करून बघते आणि वरून एक तुकडा जास्त टाकते.

परतताना बेकरीपाशी आमचं घर उजवीकडे. तो डावीकडे वळतो.

"इकडून गं," म्हणतो, "हात सोडू नकोस, हरवशील."

मी त्याचा हात घट्ट धरते आणि डावीकडे जाते.